छापील फोटोंचा ढीग संकेतस्थळावर नेताना: आधी क्रमांक, मग स्कॅनर

शाळेचा अमृतमहोत्सव जवळ आला, गणेश मंडळाला पन्नास वर्षं होत आली किंवा वाचनालयाचं संकेतस्थळ करायचं ठरलं, की कपाटातले जुने फोटो बाहेर निघतात. कुणीतरी स्कॅनर आणतं, दोन उत्साही मुलं कामाला बसतात आणि काही दिवसांत एका फोल्डरमध्ये ‘स्कॅन ०००१’पासून पुढे शेकडो फायली जमतात. कोणती फाईल कोणत्या फोटोची, तो फोटो कोणत्या अल्बममधला, त्याच्या मागे काय लिहिलं होतं, हे मग कुणालाच सांगता येत नाही. फोटो स्वच्छ स्कॅन झालेले असतात, पण मुके असतात. बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांदा स्कॅनिंग करावं लागतं ते याच कारणाने. खराब स्कॅनरमुळे तशी वेळ क्वचितच येते.

म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. पाचशे ते दोन हजार छापील फोटो, घरचाच किंवा उसना आणलेला एक फ्लॅटबेड स्कॅनर आणि सवडीने येणारे दोन-तीन स्वयंसेवक, असं चित्र समोर ठेवून तो लिहिला आहे.

## टप्पा १: वेळ, जागा आणि निवड

शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, हवेतल्या दमटपणामुळे फोटोंचा चकचकीत थर मऊ होतो. एकावर एक ठेवलेले फोटो एकमेकांना चिकटतात आणि वेगळे करायला गेलं की चेहऱ्यावरचा पापुद्रा निघून येतो. कोरड्या हवेत तेच फोटो सुटसुटीत होतात.

जागा म्हणजे दोन टेबलं. एकावर स्कॅनर आणि संगणक, दुसऱ्यावर फोटो. छताचा पंखा बंद ठेवा. तो फोटो उडवतोच, शिवाय स्कॅनरच्या काचेवर धूळ आणून टाकतो. चहा तिसरीकडे.

आता निवड. सगळेच फोटो संकेतस्थळावर लागत नाहीत, पण निवड करताना एकही फोटो टाकून द्यायचा नाही. तीन ढीग करा: नक्की हवेत ते, नंतर बघू ते, आणि एकाच क्षणाचे दोन-चार सारखे फोटो. तिसऱ्या ढिगातून सगळ्यात स्पष्ट फोटो पहिल्यात जाईल. हारतुऱ्यांचे आणि दीपप्रज्वलनाचे पन्नास फोटो असतील तर त्यातले पाच पुरतात. याउलट वर्गाचा फळा, प्रयोगशाळा, शाळेसमोरचा कच्चा रस्ता, मांडव घालणारे कार्यकर्ते अशा ‘साध्या’ फोटोंना मागे टाकू नका. वाचक थांबून बघतात ते तेच.

थांबा: निवड करताना अल्बममधून काहीही काढू नका. तिथे सध्या कोणता फोटो कोणत्या ढिगातला, एवढं सांगणाऱ्या नुसत्या चिठ्ठ्या लावा.

## टप्पा २: क्रमांक आणि नोंदवही

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यायचा आहे.

अल्बमला हात लावण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर एक फोटो काढा. कोणता फोटो कोणाशेजारी लावला होता, यातून पुढे साल आणि प्रसंग ओळखता येतात. एका पानावर सहा फोटो असतील आणि पाचांची ओळख पटली, तर सहावाही बहुधा त्याच दिवसाचा निघतो. फोटो सुटे झाले की हा धागा कायमचा तुटतो.

मग प्रत्येक खोक्याला किंवा अल्बमला दोन अंकी क्रमांक द्या आणि आतल्या प्रत्येक फोटोला चार अंकी. समजा संस्थेचं संक्षिप्त नाव ‘गवा’ आहे, तर तिसऱ्या अल्बममधला एकशे सत्ताविसावा फोटो झाला ‘गवा-०३-०१२७’. हाच क्रमांक फोटोच्या मागे, हाच फाईलच्या नावात, हाच नोंदवहीत. फोटोचा विषय, साल किंवा माणसाचं नाव फाईलच्या नावात घालू नका. साल चुकीचं निघालं, नाव बदललं, की फाईलचं नावही बदलावं लागतं आणि सगळे दुवे तुटतात.

फाईलच्या नावात हाच क्रमांक रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा, म्हणजे ‘gava-03-0127’ असा. मराठीचा आग्रह फोटोखालच्या ओळीत आणि मजकुरात जरूर धरा, फाईलच्या नावात मात्र नको. वेबपत्त्यात देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. ‘स्नेहसंमेलन’ एवढ्या एका शब्दाचा पत्ता दीड ओळीचा होतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवताना अर्ध्यात तुटतो.

फोटोच्या मागे क्रमांक लिहायचा तो मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने, आणि फोटो कडक सपाट पृष्ठभागावर ठेवून. बॉलपेन वापरलं तर दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि स्कॅनमध्ये तो ओरखडा दिसतो. प्लॅस्टिकच्या थराच्या कागदावर, म्हणजे साधारण १९७० नंतरच्या रंगीत प्रिंटवर, पेन्सिल उमटत नाही. तिथे फोटो कागदी पाकिटात घाला आणि क्रमांक पाकिटावर लिहा. पाकिटावर आधी लिहायचं, मग फोटो आत घालायचा.

नोंदवही एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटमध्ये करा. एवढे रकाने पुरतात: क्रमांक, खोका किंवा अल्बम, पान, मागचा मजकूर जसाच्या तसा, साल, सालाची खात्री, ठिकाण, प्रसंग, माणसं, माहिती कुणी दिली, परवानगी, स्कॅन झाला का. ‘मागचा मजकूर’ आणि ‘प्रसंग’ हे वेगळे रकाने मुद्दाम आहेत. मागे ‘गॅदरिंग, नाना, १९६८’ असं लिहिलं असेल तर तसंच उतरवा. त्याचा अर्थ लावायचं काम दुसऱ्या रकान्यात.

दोन नेहमीच्या चुका: क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवला नाही तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं आणि ‘३-१२’सारख्या नोंदीची तारीख करून ठेवतं. दुसरी चूक, एकाच शीटच्या तीन प्रती तीन जणांच्या लॅपटॉपवर असणं. शीट एकच, सगळ्यांनी त्यातच लिहायचं.

## टप्पा ३: फोटो सोडवणं आणि साफ करणं

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हाताला तेल किंवा क्रीम नको. फोटो कडांनी धरा. रबरी ब्लोअरने, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो त्याने, धूळ उडवा आणि मग मऊ कोरड्या ब्रशने मधून कडेकडे झटका. एवढंच. ओलं फडकं, काच पुसायचं द्रव, स्पिरिट, थुंकी लावून पुसणं, यातलं काहीही नको. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो आणि तो पाण्याने फुगतो.

फोटोंना ऊन दाखवू नका. धान्याला आणि गाद्यांना ऊन दाखवायची आपली सवय चांगली आहे, पण रंगीत फोटो उन्हाने विटतात आणि सगळेच वाकतात. बुरशीचा वास येत असेल तर असे फोटो आधी बाकीच्यांपासून वेगळे काढा, हवेशीर सावलीत सुकू द्या आणि मग मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या ब्रशने झाडा. कसर लागलेला अल्बम दिसला तर शेजारचे सगळे अल्बम उघडून बघा.

खरा त्रास देतात ते ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम, ज्यात फोटोवर पारदर्शक प्लॅस्टिक ओढून बसवलेलं असतं. तिथे फोटो ओढू नका. दातांच्या फटी साफ करायचा न मेणवलेला धागा (डेंटल फ्लॉस) घ्या, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हलक्या हाताने पुढेमागे नेत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत या. धागा अडला तर थांबा आणि समोरच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. तरीही सुटला नाही तर प्लॅस्टिक उचलून पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही सोडवू नये, काचेसकट घ्यावा. स्कॅन थोडा मऊ येईल, पण फोटो शाबूत राहील.

फाटलेल्या फोटोला सेलोटेप किंवा फेविकॉल लावू नका. तुकडे काचेवर जुळवून ठेवा, स्कॅन करा, सांधे संगणकावर मिटवता येतात.

तपासा: संस्थेकडे किंवा फोटोग्राफरकडे निगेटिव्ह शिल्लक आहेत का? असतील तर त्या फोटोंसाठी प्रिंटऐवजी निगेटिव्ह स्कॅन करणं कधीही चांगलं. त्यासाठी निगेटिव्हची सोय असलेला स्कॅनर लागतो.

## टप्पा ४: स्कॅनर आणि सेटिंग

स्कॅनर दोन जातींचे असतात. पातळ, यूएसबीवरच चालणारे, कॅननच्या लाइड मालिकेसारखे स्कॅनर सीआयएस प्रकारचे. ते काचेला टेकलेल्या सपाट फोटोचं काम उत्तम करतात, पण फोटो जरासा वाकडा असला किंवा पुठ्ठ्यामुळे काचेपासून वर राहिला तर तेवढा भाग धूसर येतो. जाड, जड, एप्सनच्या व्ही-६००सारखे स्कॅनर सीसीडी प्रकारचे. त्यांना ही अडचण कमी येते. तुमच्याकडे सपाट पोस्टकार्ड आकाराचे फोटोच जास्त असतील तर पातळ स्कॅनर पुरेल. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, गोल वळलेले, फ्रेममधले जास्त असतील तर सीसीडी मिळवा, उसना का होईना.

फोटो आपोआप आत ओढणारे वेगवान स्कॅनरही मिळतात. नव्वदनंतरच्या सुस्थितीतल्या रंगीत प्रिंटसाठी ते ठीक आहेत. जुने कृष्णधवल, फाटके, कडा दुमडलेले किंवा चिकटपणा राहिलेले फोटो त्यात घालू नयेत. आतल्या काचेवर एक कण बसला की त्यानंतरच्या प्रत्येक फोटोवर वरून खालपर्यंत एक बारीक रेघ येते, आणि ते लक्षात येईपर्यंत अर्धा अल्बम झालेला असतो.

### किती डीपीआय?

डीपीआय म्हणजे मूळ फोटोच्या एका इंचातून स्कॅनर किती ठिपके उचलतो तो आकडा. संकेतस्थळाला डीपीआय कळत नाही. त्याला फक्त पिक्सेल कळतात. ‘वेबसाठी ७२ डीपीआयवर स्कॅन करा’ हा सल्ला अजून फिरतो आणि त्याने फार नुकसान केलं आहे. चार बाय सहा इंची फोटो ७२वर स्कॅन केला तर २८८ बाय ४३२ पिक्सेल मिळतात, म्हणजे मोबाईलच्या पडद्यावरही तो फुटतो.

माझं म्हणणं सोपं आहे. स्कॅन एकदाच होणार, तेव्हा तो जपून ठेवण्याच्या दर्जाचा करा. संकेतस्थळासाठी छोटी प्रत त्यातून काढता येते.

- पोस्टकार्ड आकार आणि त्याहून मोठे, ए-फोरपर्यंत: ६०० डीपीआय. चार बाय सहा इंची फोटोचे २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात.
- पासपोर्ट आकार आणि छोट्या चौकोनी काँटॅक्ट प्रिंट: १२०० डीपीआय. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याच्या १२० फिल्मवरून थेट काढलेल्या या छोट्या प्रिंटमध्ये अनपेक्षित बारकावे असतात.
- वर्तमानपत्रातली कात्रणं आणि स्मरणिकेतले छापील फोटो: ६०० डीपीआय, आणि इथे फक्त ‘डीस्क्रीन’ चालू. छपाईच्या ठिपक्यांमुळे स्कॅनमध्ये जाळीदार नक्षी उमटते, ती त्याने जाते. खऱ्या फोटोला मात्र डीस्क्रीन लावलं की चेहरे मेणाचे होतात.

साध्या रंगीत प्रिंटमध्ये ३०० डीपीआयच्या पलीकडे फारसा तपशील नसतो. वेळ आणि डिस्क दोन्ही तोकडं असेल तर तशा फोटोंना ३०० चालेल. पण स्कॅनरच्या खोक्यावर लिहिलेल्या ४८०० किंवा ९६००च्या मागे लागू नका. छापील फोटोतून तेवढं काही निघत नाही, फाईल मात्र अवाढव्य होते.

### बाकीची सेटिंग

रंग: २४ बिट रंगीत, कृष्णधवल फोटोंसाठीसुद्धा. जुन्या कृष्णधवल फोटोतली तपकिरी छटा, शाईचा शिक्का, डाग हे सगळं रंगातच नोंदलं जातं. करडा हवा असेल तर नंतर करता येतो.

फाईल: टिफ. चार बाय सहा इंची फोटोची ६०० डीपीआयची टिफ सुमारे २६ एमबीची होते, म्हणजे हजार फोटोंना २६ जीबी. आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही. जेपेग दर वेळी उघडून सेव्ह केली की थोडी खालावते, टिफचं तसं नाही.

रंगपद्धत: एसआरजीबी. मूळ प्रतीसाठी अ‍ॅडोबी आरजीबी घेतलं आणि संकेतस्थळासाठी बदलायला विसरलात, तर काही ठिकाणी लाल शालू विटका दिसतो.

आणि सगळ्या ‘आपोआप सुधारणा’ बंद: शार्पनिंग, धूळ काढणं, रंग परत आणणं, आपोआप उजेड. धूळ काढणारं सॉफ्टवेअर ठिपका बघतं आणि पुसतं. तो ठिपका कपाळावरची टिकली आहे, नथीचा मोती आहे की काचेवरचा कण, हे त्याला कळत नाही. लग्नाच्या आणि हळदीकुंकवाच्या फोटोत हे फार होतं. नीट बघा, साडीवरचे बुट्टेही मधूनमधून गायब झालेले दिसतील.

## टप्पा ५: वीस फोटोंची चाचणी

थेट पहिल्या अल्बमपासून सुरुवात करू नका. निरनिराळ्या प्रकारचे वीस फोटो निवडा: चकचकीत, मॅट, कृष्णधवल, पुठ्ठ्यावरचा, वाकलेला, पांढऱ्या बॉर्डरचा, कात्रण. क्रमांकापासून संकेतस्थळापर्यंत त्यांचा पूर्ण प्रवास करा आणि घड्याळ लावा.

एका फोटोला एकूण दोन मिनिटं लागत असतील, तर हजार फोटोंना तेहेतीस तासांहून जास्त लागणार. नावं शोधायचा वेळ त्यात नाही. कार्यक्रमाची तारीख ठरण्याआधी हा हिशेब समितीसमोर ठेवा.

चाचणीतले स्कॅन पूर्ण मोठे करून बघा. चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत का? पांढरे सदरे नुसते पांढरे डाग झालेत की त्यात सुरकुत्या दिसतात? काळ्या कोटाच्या गुंड्या दिसतात का? उत्तर नाही असेल तर सेटिंग आत्ताच बदला.

मधमाशांच्या पोळ्यासारखा खडबडीत पृष्ठभाग असलेले फोटो, जे सत्तर-ऐंशीच्या दशकात स्टुडिओवाले आवडीने देत, स्कॅनरवर नीट येत नाहीत. प्रत्येक खळगा चमकतो. असे फोटो वेगळे काढा. ते कॅमेऱ्याने घ्यावे लागतात: फोटो सपाट ठेवून कॅमेरा बरोबर वर, ट्रायपॉडवर, आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशातून सारखा, मऊ उजेड.

## टप्पा ६: प्रत्यक्ष स्कॅनिंग

दोघं बसा. एकाने फक्त फोटो हाताळायचे आणि क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने संगणकावर तोच क्रमांक टाकायचा आणि नोंदवहीत खूण करायची. एकट्याने केलं की सलग दोन फाईलींना एकच नाव पडतं.

काच मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा. द्रव लागलाच तर कापडावर घ्या, काचेवर फवारू नका, तो कडेने आत उतरतो.

ए-फोर स्कॅनरची काच साधारण साडेआठ बाय पावणेबारा इंच असते. चार बाय सहाचे चार फोटो त्यावर बसतील असं वाटतं, पण दोन उभे एकाखाली एक लावले की बारा इंच लागतात. बसतात ते तीन: वर दोन उभे शेजारी शेजारी, खाली एक आडवा. साडेतीन बाय पाचचे मात्र चार बसतात. सॉफ्टवेअर त्यांचे आपोआप वेगळे तुकडे करतं. पण पांढऱ्या बॉर्डरचा फोटो आणि पांढरं झाकण यांत त्याला फरक कळत नाही. फोटोंच्या मागे काळा कागद ठेवा. त्याने कडा स्पष्ट होतात आणि मागची शाई पुढे झिरपलेली दिसत नाही. फोटो काचेच्या अगदी कडेला लावू नका, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बऱ्याच स्कॅनरना दिसत नाहीत.

मूळ प्रतीत फोटोच्या चारही कडा दिसायला हव्यात, बाहेर थोडी काळी पट्टी राहू द्या. मागे हाताने लिहिलं असेल, स्टुडिओचा शिक्का असेल, तर मागची बाजूही त्याच क्रमांकाला ‘मागे’ जोडून स्कॅन करा. तिला ३०० डीपीआय पुरतं.

### वर्गाचे पुठ्ठ्यावरचे फोटो

शाळांच्या संग्रहातला हा सगळ्यात मोलाचा भाग आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला सामूहिक फोटो, खाली बारीक छापलेलं: ‘खुर्चीवर बसलेले डावीकडून’, ‘उभे, पहिली ओळ’, आणि सगळी नावं. स्कॅन करणारा ‘फोटो’ तेवढा कापून घेतो आणि नावं बाहेर टाकतो. पुठ्ठ्यासकट, वरच्या वर्षाच्या पट्टीसकट, पूर्ण स्कॅन करा.

काचेत मावत नसेल तर झाकण पूर्ण उघडून दोन भागांत घ्या. पुठ्ठा फिरवायचा नाही, नुसता सरकवायचा, आणि मधला निदान पाव भाग दोन्ही स्कॅनमध्ये यायला हवा. मग सॉफ्टवेअर ते जुळवतं. जुळवल्यावर सांध्यावरचे चेहरे मोजा. डोकी पुठ्ठ्यावर जितकी, तितकीच पडद्यावर हवीत.

दर पन्नास फोटोंनंतर तपासा: नोंदवहीतल्या खुणा आणि फोल्डरमधल्या फायली यांची संख्या जुळते का? तीन फायली उघडून मागचा क्रमांक आणि फोटो ताडून बघा. काच पुन्हा पुसा.

रोज काम संपताना: सगळ्या फायली दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवा. तिसरी प्रत क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी कुणाकडे. आणि आठवड्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाईल खरंच उघडते का ते बघा. कॉपी झाल्याचा संदेश येणं आणि फाईल उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा ७: माणसं ओळखणं आणि ओळी लिहिणं

हा टप्पा स्कॅनिंगच्या बरोबरीने चालवा, नंतरसाठी ठेवू नका. ज्यांना १९६५चे चेहरे ओळखू येतात ती माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. अल्बम पूर्ण होण्याची वाट न बघता, जे स्कॅन झालेत ते घेऊन जुन्या शिक्षकांकडे, पहिल्या कार्यकर्त्यांकडे जा.

मोबाईलवर फोटो दाखवला तर ‘छान आहे’ एवढंच ऐकू येतं. टीव्हीवर मोठा करून दाखवा, किंवा ए-फोरवर छापून प्रत्येक डोक्यावर आकडा लिहा आणि कागद समोर ठेवा. बोलणं विचारून रेकॉर्ड करा. ‘हा चौथा कोण?’ या प्रश्नाला नाव मिळतं, आणि त्याच्या पाठोपाठ बहुतेकदा तो फोटो कुठे, कशासाठी काढला तेही मिळतं.

नाव लिहिताना पूर्ण नाव लिहा. अण्णा, नाना, बापू, ताई प्रत्येक पिढीत असतात. मुलींच्या फोटोंत माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं नोंदवा. १९७२च्या दहावी-अकरावीच्या वर्गातली मुलगी आज दुसऱ्या आडनावाने ओळखली जाते आणि तिची नात संकेतस्थळावर तेच आडनाव शोधणार आहे. ‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे सगळ्या संकेतस्थळावर एकसारखं ठेवा.

सालाच्या बाबतीत घाई नको. फोटोच्या कोपऱ्यात छापलेली नारिंगी तारीख पुरावा म्हणून धरू नका, बॅटरी बदलल्यावर ती पुन्हा लावायची अनेकांकडून राहून जाई. फलकावर किंवा निमंत्रणपत्रिकेवर शके असेल तर त्यात ७८ मिळवा, आणि तिथी पौष ते फाल्गुनातली असून इंग्रजी वर्ष उलटलं असेल तर ७९. शके १८९७चा गणेशोत्सव म्हणजे १९७५चा. खात्री नसेल तर ‘अंदाजे १९७५’ किंवा ‘१९७२ ते १९७६च्या दरम्यान’ असं स्पष्ट लिहा. अंदाज आकड्यात लपवला की पुढचे सगळे तोच खरा धरून चालतात.

फोटो उलटा छापलेला नाही ना, तेही बघून घ्या. पाट्यांवरची अक्षरं, सदऱ्याच्या गुंड्या, मनगटावरचं घड्याळ यांवरून लगेच कळतं.

टंकलेखनाची चूक: जुन्या स्मरणिकेचा मजकूर डीटीपीवाल्याकडून मिळाला तर तो बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो संकेतस्थळावर चिकटवला की अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसतात. आधी युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. नोंदवही सीएसव्ही म्हणून काढताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा, नाहीतर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

### परवानगी

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालकी हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळे संस्थेने स्टुडिओला बोलावून काढलेले फोटो सहसा अडचणीचे नसतात. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने काढलेले, किंवा कुणी हौसेने काढून दिलेले, यांना लेखी परवानगी घ्या आणि श्रेय द्या. कायदा बाजूला ठेवला तरी लहान मुलांचे अलीकडचे फोटो, दवाखान्यातले, अंत्ययात्रेतले फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय चढवू नयेत.

## टप्पा ८: दुरुस्ती आणि संकेतस्थळाची प्रत

मूळ टिफला हात लावायचा नाही. त्या फोल्डरला ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवा आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये प्रती काढा.

प्रतीत करायच्या गोष्टी याच क्रमाने करा: सरळ करणं, कडा कापणं, उजेड आणि काळोखाचा तोल, रंग, डाग, आकार लहान करणं, आणि सगळ्यात शेवटी हलकं शार्पनिंग. आधी शार्पनिंग आणि मग लहान केलं तर कडांना पांढरी झालर येते. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झालेले असतात, कारण त्यांतला निळसर-हिरवा रंग आधी उडतो. तो लालसरपणा थोडा कमी करा, पण फोटो आजचा दिसेल इतका नको. कृष्णधवल फोटोत यंत्राकडून रंग भरून घेणं मला मान्य नाही. कुणाची पैठणी हिरवी होती की जांभळी, हे यंत्र ठरवतं आणि वाचक खरं मानतो.

मग इरफानव्ह्यू किंवा एक्सएनव्ह्यूसारख्या फुकट सॉफ्टवेअरने सगळ्या फोटोंच्या वेबप्रती एकदम काढा: लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेल, जेपेग, दर्जा ८०च्या आसपास, एसआरजीबी. मोबाईलने किंवा कॅमेऱ्याने घेतलेल्या फोटोंत तुमच्या घराचं जीपीएस स्थान दडलेलं असू शकतं, ते या वेळी काढून टाका.

मागवलेल्या फोटोंबद्दल: सभासदांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे मूळ प्रिंट दोन दिवसांसाठी मागा, पोच द्या आणि तुमच्या स्कॅनरवर घ्या.

## टप्पा ९: चढवणं

टिफ चढवू नका, बहुतेक ब्राउझर ती दाखवतच नाहीत. वर्डप्रेस असेल तर २०१९मधल्या ५.३ आवृत्तीपासून ते २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो स्वतःच लहान करतं आणि त्याच्या नावाला शेपूट जोडतं. तुम्ही १६०० ते २०००ची प्रत दिलीत तर क्रमांक जसाच्या तसा राहतो.

आधी पन्नासच फोटो चढवा आणि साध्या मोबाईलवर, घराबाहेर, मोबाईल डेटावर उघडून बघा. प्रत्येक फोटोखाली ओळ आणि क्रमांक दोन्ही दिसू द्या. फोटोचा पर्यायी मजकूरही मराठीत भरा. अंध वाचकांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तोच वाचतं, आणि शोधयंत्रांनाही त्यावरूनच फोटो सापडतो. तिथे ‘फोटो १२’ लिहिण्यापेक्षा ‘शाळेच्या पायरीवर बसलेल्या सातवीच्या मुली, मागे कौलारू इमारत’ असं लिहा.

चढवल्यावर आठवड्याभरात वाचकांचे निरोप येतात: तिसरी व्यक्ती ती नाही, साल दोन वर्षांनी आधीचं आहे, तो माझा मामा. अशा वेळी संकेतस्थळावरची ओळ थेट बदलू नका. क्रमांक विचारा, आधी नोंदवहीत नवी माहिती आणि ती कुणी दिली ते लिहा, जुनी नोंद खोडू नका, आणि मग ओळ बदला. दोन जणांची दोन मतं असतील तर दोन्ही नोंदवा आणि तिसऱ्या माणसाला विचारा.

मूळ फोटो परत ठेवताना क्रमांकाच्या क्रमानेच ठेवा. प्रत्येक फोटो कागदी पाकिटात, पाकिटं उभी, पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि खोकं माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नको. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला. खोक्याच्या झाकणावर आतल्या पहिल्या आणि शेवटच्या फोटोचा क्रमांक लिहा, आणि नोंदवहीची छापील प्रत त्याच कपाटात ठेवा.